घरटी एक माणूस

देशाच्या रक्षणासाठी आमच्या घरातून दोघांनी हजेरी दिली. एक आमचे हे, दुसरी मी. त्यांच्या हजेरीचं पुढे काय झालं ते सरकारला ठाऊक आहे. माझ्या हजेरीचं काय झालं ते मला, सुभेदारांना आणि तलावातल्या बेडकांना ठाऊक आहे.

तेव्हा आपला मुलूख मध्यप्रदेशात होता, गडचिरोली म्हणजे चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती आणि नागपूरला राजधानीचा थाट होता. तिथल्या कुणा हुशार माणसाच्या मनात आलं की बाराही महिने फौज पोसण्यापेक्षा खेड्यातली जवान माणसं उन्हाळ्यात गोळा करावीत, त्यांना कवायत शिकवावी, खाकी कपडे द्यावेत आणि पाऊस आला की घरी सोडून द्यावं. मग त्यांनी आपली शेती करावी, आपल्याच घरचं खावं आणि सरकारनं हाक मारली की दुसऱ्या दिवशी छावणीवर उभं राहावं. राखीव शिपाई म्हणत त्यांना. आम्ही घरात लोणच्याची बरणी अशीच फळीवर ठेवतो. लागली तर काढायची, नाही तर तिच्याकडे बघायचंही नाही.

छावणीसाठी जागा शोधायला एक साहेब ऐन वैशाखात आला. त्याला सपाट, मोकळी, झाडझुडूप नसलेली जमीन हवी होती. आमच्या जंगलात अशी जमीन कुठून मिळायची? पण मिळाली. आमच्या गावालगत चार गावांना पाणी देणारा मोठा तलाव आहे, आणि वैशाखात त्याचं पोट कोरडं ठणठणीत असतं. साहेबानं ते पोट पाहिलं, खूश झाला, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आणि निघून गेला. गावातल्या म्हाताऱ्यांनी बाभळीखाली बसून हे सगळं पाहिलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही, म्हणून त्यांनीही काही सांगितलं नाही. साहेब शिकलेला होता, त्याला पाऊस ठाऊक असेल असं त्यांना वाटलं.

कवायत शिकवायला एक सुभेदार आला. घाटावरचा माणूस, मोठ्या लढाईत परमुलखात जाऊन आलेला, मिशा अशा की त्यांच्यासाठी वेगळी बिछायत लागावी. त्याला वाटलं, लोक आपल्याला साहेब म्हणतील. आमच्याकडे वडीलधारा दिसला की तो भाऊ. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यानं ‘सावधान’ म्हणून आरोळी ठोकली आणि मागच्या रांगेतून कुणीतरी प्रेमानं विचारलं, “काऊन भाऊ, का झालं?” सुभेदाराचा चेहरा बरेच दिवस उतरलेला होता.

बंदुका यायच्या होत्या, त्या यायच्याच राहिल्या. तोवर गावच्या सुताराकडून सागवानी लाकडाच्या बंदुका करवून घेतल्या. बंदुका झाल्या छान. आमच्या घरातल्या कपाटालाही असलं लाकूड नव्हतं. पण सागवान जंगलातून आलेलं आणि परवाना कुणी काढलेला नाही, म्हणून जंगलखात्याच्या नाकेदारानं एका सकाळी सगळ्या बंदुका जप्त करून नेल्या. देशाची राखीव फौज अशी एका काठीवाल्या माणसानं निःशस्त्र केली. त्यानंतर उरलेला उन्हाळाभर आमचे जवान बांबू खांद्याला लावून ‘दाहिने मुड’ करत राहिले.

जेवणाचे हाल वेगळेच. आमची माणसं भाताची. छावणीत गव्हाच्या पोळ्या मिळायच्या, कारण जवानाच्या अंगात ताकद पोळीनं येते असं वर कुणाचं तरी ठाम मत होतं. पहिल्या आठवड्यात ताकद सोडून बाकी सगळं अंगातून गेलं. मग घरोघरच्या बायका भातानं भरलेली गंजी आणि सुक्या झिंग्यांची चटणी घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभ्या राहू लागल्या. सुभेदार दिसला की आम्ही गंजी पदराखाली घ्यायचो, आणि सुभेदारही आमच्याकडे पाठ करून मिशीला पीळ द्यायचा. पुढे पुढे तोच एक वाडगा पुढे करायला लागला.

आमच्या ह्यांना हे सगळं फार आवडायचं. आम्ही तिघंच घरात. हे, मी आणि सासरे, ज्यांना आमच्याकडे सुना मामाजी म्हणतात. मामाजींची नजर गेलेली. थोडी धानाची शेती, आणि तलावात जाळं टाकून मिळेल ती मासोळी. छावणीहून आले की हे बूट गळ्यात अडकवून अनवाणी यायचे, कारण बूट झिजू नयेत, आणि घरात शिरून खाकी सदरा खुंटीला असा टांगायचे जणू त्यात कुणी झोपलेलं आहे. मला तो सदरा डोळ्यांसमोर नको व्हायचा. माझं माहेर चिमूरकडचं. बेचाळीस साली खाकी कपडे आमच्या गल्लीत घरोघरी शिरले तेव्हा मी आईच्या मागे कोठीत दडून होते. तेच कापड आता माझ्या घरात, माझ्याच हातानं धुवायला होतं.

आणि ह्यांना एवढ्यानंही भागत नव्हतं. त्यांना कायमच्या फौजेत जायचं होतं. सुभेदारानं सांगून ठेवलं होतं की सरकार कधीतरी अचानक बोलावणं करून पाहील, आणि जे वेळेवर हजर राहतील त्यांतून काही जणांना पक्क्या फौजेत घेतील. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं.

“येकदा बोलावणं येऊ दे,” हे म्हणायचे, “मंग पाह्यजो मले.”

“पाहून राह्यली ना,” मी म्हणायचे. “बांबू घेऊन किती छान दिसता. शत्रू पाहीन त मांडवच घालून देईन तुमाले.”

“तुले मस्करी सुचते. मी खरंच चाललो तं?”

“जा ना. मी आन मामाजी रोवणा करू. मामाजी चिखल करतीन, मी बैल होईन.”

ते हसायचे आणि मीही हसायचे. पण मला ते घरी हवे होते. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, संध्याकाळी जाळं खांद्यावर घेऊन ते पाळीवरून येताना दिसले की मला बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं मी कुठल्याही सरकारला द्यायला तयार नव्हते. हे मी त्यांना सरळ कधी म्हटलं नाही. आमच्यात असं सरळ बोलायची रीत नव्हती आणि माझ्या जिभेला तर त्याची सवयच नव्हती.

बोलावणं आलं ते ऐन रोवण्याच्या, भातलावणीच्या दिवसांत. म्हणजे अख्ख्या वर्षात ज्या दिवसांत आमच्याकडे मेलेल्या माणसालाही उठून धानाच्या बांधीत उतरावंसं वाटतं, त्या दिवसांत. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला आलेले, बांध्या चिखलून व्हायच्या राहिलेल्या, आणि आमच्या जोडीतला एक बैल लंगडत होता. हे बहिणीच्या गावी नदीपलीकडे बैल मागून आणायला गेले आणि नदीला पूर आला. आता पूर उतरेपर्यंत माणूस पलीकडे आणि बैलही पलीकडे.

त्याच दिवशी पाटलाकडे हुकूम आला. उद्या दुपारच्या आत सगळ्या राखीव शिपायांनी छावणीवर सामानासह हजर व्हावं, नागपूरहून मोठे साहेब पाहणीला येत आहेत. पाटलानं कोतवालाला सांगितलं, तलावावरच्या छावणीत लोकांना बोलाव. आता आमच्या कोतवालाची तीन पिढ्यांची दवंडी एकच. तलावावर बोलावणं म्हणजे पाळीचं काम. पाऊस लागून राहिला, पाळ पाझरायला लागली की दवंडी फिरते, आणि चारही गावांतून घरटी एक माणूस कुदळ, टोपली घेऊन जातो. घरात बाप्या नसला तर बाई जाते. बाई आजारी असली तर म्हातारा जातो. कोण गेलं याला महत्त्व नाही, घर गेलं पाहिजे. कारण ज्या घरचं माणूस पाळीवर दिसलं नाही, त्या घराच्या बांधीला पाण्याची पाळी आली की गावाला अचानक विसर पडतो.

कोतवालानं ढोलकं बडवलं. “होऽऽ उद्या सकाळी तलावावर चला होऽऽ, घरटी एक माणूस होऽऽ!” पाऊस चार दिवसांपासून थांबलेला नव्हता. कुणालाही दुसरी शंका यायचं कारणच नव्हतं.

“कोन जाते आपल्या घरून?” मामाजींनी विचारलं.

“तुमी जाता का? येका टोपलीत बसवून नेईन.”

“तूच जाय माय,” मामाजी म्हणाले. “लवकर जाय, लवकर सुटशीन.”

मी तेच केलं. उजाडता उजाडता घोंगडीची खोळ डोक्यावर घेतली, लुगड्याचा काष्टा आवळला, कुदळ आणि टोपली घेतली आणि तलावावर सगळ्यांत आधी पोचले. लवकर येणाऱ्याला जवळची माती मिळते, उशिरा येणाऱ्याला लांबून वाहावी लागते. माझ्यामागून लोक येत गेले. जवानांपैकी बरेच जण आपापल्या बांधीत चिखल तुडवत होते आणि त्यांच्या जागी म्हातारे काके, विधवा मावश्या, कुणाची साळी, कुणाचा घरजावई असा सगळा राखीव साठा उभा होता. राखीव या शब्दाचा अर्थ आमच्या लोकांना सरकारपेक्षा नीट कळला होता, असं मला आजही वाटतं. थोडे खरे जवानही होते, पण तेही कुदळ घेऊनच आलेले.

कवायतीचं मैदान तलावाच्या पोटात होतं आणि तलाव आता तलाव झाला होता. वैशाखातल्या खुंट्यांपैकी एकही दिसत नव्हती. झेंड्याचा खांब तेवढा कमरेइतका पाण्याबाहेर होता आणि त्यावर एक बगळा बसला होता. सुभेदार पाळीवर उभा. अंगावर पूर्ण पोशाख, पायात चकचकीत बूट, आणि चेहरा असा की त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदा त्याची दया आली. साहेबांना गर्दी दिसली नाही तर छावणी बंद होणार आणि सुभेदार घाटावर परत जाणार, हे आम्हाला पुढे कळलं.

मोठे साहेब आले. म्हणजे त्यांची जीप नाल्यात रुतली आणि आमच्यातल्या काही म्हाताऱ्यांनी ती ढकलून वर काढली. साहेब पाळीच्या पलीकडच्या टोकाला छत्रीखाली उभे राहिले. चिखलातून पुढे यायची त्यांची इच्छा दिसली नाही. पाऊस धो धो पडत होता, आम्ही सगळे डोक्यापासून गुडघ्यापर्यंत खोळीत. तिथून त्यांना दिसल्या असतील त्या नुसत्या काळ्या घोंगड्यांच्या रांगा. आणि रांगा मात्र सरळ होत्या, कारण पाळीवर जागाच तेवढी.

सुभेदारानं नावं पुकारायला सुरुवात केली. पाळीच्या कामालाही पाटील अशीच नावं पुकारतो. नाव घरच्या कर्त्याचं, आणि जो कोणी त्या घरून आला असेल त्यानं ‘हजर’ म्हणायचं. मी पहिल्याच रांगेत, पहिलीच. माझ्या नवऱ्याचं नाव आलं.

“हजर,” मी म्हटलं. भरदार आवाजात म्हटलं, कारण पाण्याची पाळी चुकायला नको होती.

सुभेदारानं मान वर केली. माझ्या हातातली कुदळ पाहिली. कुदळीवरच्या हातातल्या बांगड्या पाहिल्या. मग त्यानं मान वळवून लांबच्या छत्रीकडे पाहिलं. मिशी एकदा थरथरली, आणि तो पुढचं नाव घ्यायला लागला. पुढच्या नावाला एका बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यानं ‘हजर’ म्हटलं. त्याच्या पुढच्याला त्या घरच्या सासूनं. सुभेदार थांबला म्हणून नाही. लढाईत म्हणे तो कधी मागे हटला नव्हता, ते मला त्या दिवशी पटलं.

साहेबांनी लांबून विचारलं की जवानांच्या हातात कुदळी का आहेत. सुभेदारानं खाडकन सलाम ठोकला. “खंदक खोदण्याची तयारी, साहेब!”

साहेब फारच खूश झाले. ऐन रोवण्यात, असल्या पावसात, पूर्ण संख्येनं, सामानासह हजर! हिंदुस्थानात असं दुसरीकडे पाहिलं नाही, असं ते म्हणाले. आम्हाला ते ऐकू आलं नाही, नंतर कळलं. हजेरी झाल्यावर आम्ही वाट पाहिली नाही. आलोच आहोत तर म्हणून पाळीवर माती टाकायला लागलो, आणि एका जागी खरंच पाझर निघाला तो बुजवला. साहेबांनी त्यालाही मान डोलावली. दुपारी मी घरी आले, मामाजींना भात वाढला आणि आपल्या घरची हजेरी लागली म्हणून निवांत झाले.

हे तिसऱ्या दिवशी बैल घेऊन आले, आणि त्यांच्या मागोमाग कोतवाल आला. पहिल्या रांगेतल्या जवानांना साहेबांनी पक्क्या फौजेत घेतलं होतं. त्यांना उत्तरेत सरहद्दीकडे धाडणार होते, जिथे म्हणे नदीचंसुद्धा दगडासारखं बर्फ होतं. आठवड्याभरात छावणीवर ट्रक येणार होता.

हे आधी गोंधळले. मग त्यांना कळलं.

“तू गेलती?” ते म्हणाले. “माह्या जागी तू उभी होती?”

मी काही बोलायच्या आत त्यांचे डोळे भरून आले. “अन मले वाटे, तुले हे पटतच नाई. म्हनून बोलून राह्यली असं वाकडं वाकडं. अन तूच गेली पान्यापावसात, पयल्या रांगेत!”

ते अंगणात, मग शेजारी, मग पार पाटलाच्या ओट्यापर्यंत सांगत गेले की अशी बायको कुणाला मिळत नाही. मी बैलांना पाणी दाखवत उभी राहिले. 

दुसऱ्या दिवशी मी सुभेदाराकडे गेले. रोवणा सोडून गेले, म्हणजे समजा.

“भाऊ,” मी म्हटलं, “त्या दिवशी हजर होती ते मी. हे तं नदीपलीकडं होते. त्याह्यचं नाव काढा.”

सुभेदारानं मिशीला पीळ दिला. “बाई, त्या दिवशी इथं एकही बाई नव्हती. साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.”

“मी होती ना!”

“एक बाई होती म्हटलं की सगळ्या निघतील. मग म्हातारे निघतील. मग छावणी जाईल, मी जाईन, आणि तुमच्या नवऱ्यावर गैरहजेरीचा खटला होईल तो निराळाच.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “अहो, तो एवढा आनंदात आहे. जाऊ द्या त्याला.”

आनंदात होते हे खरंच होतं. तेवढ्या दिवसांत त्यांनी रोवणा अर्ध्याहून जास्त उरकून दिला, छपराची गळकी जागा शाकारली, मामाजींसाठी परसात जायला दोर बांधून ठेवला. रोज कामाला लागताना गुणगुणायचे. माझ्यावर इतकी माया त्यांनी लग्न झाल्यापासून केली नव्हती, आणि ती सगळी त्या एका गोष्टीसाठी, जी मी केलीच नव्हती.

ट्रक आला त्या दिवशी पाऊस उघडला होता. तलावाच्या पाळीपाशी गर्दी जमली होती. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या, सासवांच्या आणि विधवांच्या जागी आता त्या त्या घरचे खरे जवान उभे होते, आणि सुभेदार त्यांच्याकडे अगदी ओळखीचे असल्यासारखा पाहत होता. हे ट्रकमध्ये चढले. बूट पायात होते. मी फाळक्याला धरून उभी होते आणि मला एकदम कळलं की आता नाही बोलले तर पुन्हा बोलायला माणूसच समोर नसेल.

“जाऊ नका,” मी म्हटलं. “मी तुमच्यासाठी नव्हती गेली. पाळीचं काम आहे म्हनून गेली होती. मले काई फौज नाई पाह्यजे. मले तुमी घरी पाह्यजे.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याशी सरळ बोलले होते. एकही टोमणा नव्हता त्यात.

ते खदखदून हसले. शेजारच्या जवानाला कोपरानं ढोसून म्हणाले, “आयक रे, आयक! जाता जाता बी सोडून नाई राह्यली मले!” तोही हसला. ट्रकमधले सगळे हसले. मी फाळका सोडला नाही, पुन्हा तेच म्हटलं, तर ते आणखी हसले आणि हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी खाकी बाहीनं पुसलं. ट्रक हलला तरी ते माझ्याकडे बघून हसतच होते.